लाल दोऱ्याचा डबा

रिक्षावाला तयार होता, कुत्रं तयार नव्हतं.

नंदूची रिक्षा आमच्या प्लॉटच्या तोंडाशी घरघरत उभी होती. आत वनमाला सिस्टर मांडीवर जुना टॉवेल पसरून बसल्या होत्या आणि त्यांचे यजमान सीतारामभाऊ बटर नावाच्या तांबूस कुत्र्याला मागून ढकलत होते. बटरने पुढचे दोन पाय रिक्षात ठेवले होते आणि मागचे दोन चारकोपच्या मातीत रोवले होते. मी टेलिफोन एक्स्चेंजमधली रात्रपाळी संपवून नुकतीच घरी येत होते. डोळ्यांवर झोप होती, पण शेजारचा तमाशा सोडून झोपायला जाण्याइतकी मी विरक्त नाही.

"अगो, तेका आदी वास घेवंदे," सीतारामभाऊ म्हणाले.

"वास घेऊन झाला काका. आता तो सीटवर पाय वर करणार," नंदू म्हणाला. "सिस्टर, कव्हर नवीन आहे हां."

"मी धुऊन देईन रे. रत्नप्रभा, तू बघत काय उभी राहिलीस? ये, शेपटीकडून धर."

अशी मी त्या वरातीत सामील झाले. बटर मध्ये, सिस्टर तोंडाकडे, मी शेपटीकडे. बोरिवलीला डॉक्टर चंद्रप्रकाश यांचा जनावरांचा दवाखाना होता. तिथे आज बटरला रेबीजची लस टोचायची, उद्या दुसऱ्याला न्यायचं, परवा तिसऱ्याला, असा सिस्टरांचा बेत होता. बटरचा बेत वेगळा होता. बोरिवलीच्या बाजारात शिरताना समोरच्या बसने हॉर्न मारला आणि बटर माझ्या मांडीवरून, माझ्या साडीला नखं लावत, सिस्टरांचा टॉवेल तोंडात घेऊन बाहेर गेला. आम्ही दोघी दुपारपर्यंत बाजारात "बटर, बटर" करत फिरलो. एका बेकरीवाल्याने आम्हाला खरंच बटर आणून दाखवले.

हात हलवत परत आलो, तर बटर सिस्टरांच्या पायरीवर बसलेला. आमच्या आधी पोचला होता. टॉवेल कुठे टाकून आला ते त्यालाच ठाऊक. सिस्टरांना बघून त्याने अख्खं अंग हलवलं आणि त्यांचा हात कोपरापर्यंत चाटला, जणू त्याच त्याला कुठे हरवलेल्या सापडल्या होत्या.

सिस्टर पायरीवर बसल्या आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आता काय करू रे मी तुझं?"

त्या प्रश्नाला कारण होतं, आणि त्या कारणाचं नाव भाऊराव.

चारकोपला आम्ही सगळे नवीनच राहायला आलो होतो. मधोमध एक चौक आणि भोवती घरं, असा एकेक प्लॉट. कोणी लालबाग सोडून आलेलं, कोणी चेंबूर, मानखुर्दकडून. घरं बांधली जात असताना इथल्या वॉचमन लोकांनी कुत्री पाळली होती. बांधकाम संपलं, वॉचमन गेले, कुत्री राहिली. आम्ही कुलपं उघडून आत शिरलो तेव्हा ती चौकात बसून आमच्याकडे घरमालकाच्या नजरेने बघत होती.

भाऊराव आमच्या प्लॉटमधले वजनदार गृहस्थ. रेल्वेतून निवृत्त झालेले, मुलगा आखातात, आणि प्लॉटमधला एकुलता एक फ्रिज त्यांच्या घरात. फेब्रुवारीत एका सकाळी ते खाडीकडे फिरायला गेले असताना तिवरांच्या झाडीतून एक लाळ गाळणारं कुत्रं आलं आणि त्यांच्या पोटरीला चावलं. पुढे ते कुत्रं लोकांनी मारलं. आमच्या प्लॉटच्या कुत्र्यांशी त्याचा काही संबंध नव्हता, पण भाऊरावांना रोज इस्पितळात जाऊन पोटात सुई घ्यावी लागायची, अशा चौदा. रोज ते पोट धरून परत यायचे, आणि चौकात लोळणारी आमची कुत्री पहिली त्यांच्या नजरेला पडायची.

सुयांचा कोर्स संपला त्या रविवारी त्यांनी चौकात मीटिंग बोलावली.

"माझं सरळ म्हणणं आहे," भाऊराव म्हणाले, "म्युनिसिपालटीची गाडी बोलवा आणि सगळी उचलून द्या. पोरंबाळं आहेत इथे."

त्या गाडीतून गेलेलं कुत्रं परत येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा सिस्टर उठल्या.

"भाऊराव, आपल्याआधी ती इथे राहायला आलीत."

"सिस्टर, प्रेम तुमचं, पोटात सुया मला. असं कसं चालेल?"

"लस टोचली तर? सगळ्यांना. तर मग नाही ना बोलवणार?"

भाऊरावांनी विचार केला. माणूस तापट होता, दुष्ट नव्हता. "होळीपर्यंत टोचा," ते म्हणाले. "धुळवड झाली की दुसऱ्या दिवशी मी स्वतः येऊन बघणार. एकही बिनटोचलेलं निघालं, तर गाडी. आणि ती गाडी मग एकाला नेत नाही, दिसेल त्याला नेते. बोला, मान्य?"

"मान्य," सिस्टर म्हणाल्या.

आता या बाईंना कुत्र्यांचा एवढा पुळका का, हे सांगायला हवं. वनमाला सिस्टर कांदिवलीच्या एका प्रसूतिगृहात नर्स होत्या. उंच, हाडापेराने मजबूत, आवाज जरा खडा. सीतारामभाऊ गिरणीत विणकर होते. संप झाला, गिरणी गेली, ते घरी बसले आणि घर सिस्टरांच्या पगारावर चालू राहिलं. याबद्दल सिस्टरांच्या तोंडून एक शब्द कधी कोणी ऐकला नाही. ड्युटीवरून आल्यावर चहासुद्धा पुरा न पिता त्या बाहेर पडत, कारण अख्ख्या सेक्टरला इंजेक्शन द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. डॉक्टरने लिहून दिलं की लोक बाटली घेऊन सिस्टरांकडे यायचे. म्हाताऱ्यांना आणि तापाने फणफणलेल्यांना त्या घरी जाऊन टोचायच्या. काचेची सिरिंज, स्टीलचा छोटा डबा, स्टोव्हवर उकळलेलं पाणी. हात असा हलका की सुई गेलेली कळायची नाही, हे मी स्वतःच्या दंडावरून सांगते.

पण सुई ती सुई. सिस्टर गल्लीत दिसल्या की पोरं खेळ टाकून घरात पळायची. आया जेवताना सांगायच्या, "खा, नाहीतर सुईवाल्या मावशीला बोलवीन." ज्या पोरांना त्यांनी प्रसूतिगृहात पहिल्यांदा हातात घेतलं होतं, तीसुद्धा त्यांना बघून आईच्या पदराआड जायची. सिस्टर हसायच्या. एकदाच मला म्हणाल्या, "रत्नप्रभा, माझ्या लेकीचा मुलगा पण कल्याणहून आला की आधी माझी पिशवी बघतो. मग माझ्याकडे येतो."

कुत्र्यांना मात्र त्या पिशवीत बेकरीचा माल असतो एवढंच ठाऊक होतं. प्रसूतिगृहासमोर बेकरी होती. तिथला मोडकातोडका चुरा सिस्टर घेऊन यायच्या आणि त्यावरूनच नावं पडली होती: बटर, टोस्ट, नानकटाई, जिरा. बसमधून त्या उतरल्या की ही सगळी वानरसेना स्टॉपवर हजर. उड्या, कुईकुई, साडीवर पंजे. पोरं पळतायत आणि कुत्री धावत येतायत, अशा थाटात बाई घरी यायच्या. दिवसभरात त्यांना बघून कोणी धावत येत असेल तर ते एवढंच. हे मी माझ्या खिडकीतून रोज बघत असे आणि मला त्यांचं फार कौतुक वाटे, थोडं वाईटही वाटे.

या सगळ्यांत लाडकी खारी. पिवळट रंगाची, एका पायाने किंचित लंगडणारी कुत्री. ती नुसती स्टॉपवर घ्यायला यायची नाही. सकाळी सोडायलाही जायची. सिस्टरांच्या डाव्या बाजूने, पदराला नाक लागेल इतक्या जवळून चालायची. बस सुटली की मगच परत फिरायची.

तर बटरचं बोरिवली प्रकरण फसल्यावर सिस्टर एकट्याच डॉक्टर चंद्रप्रकाशांकडे जाऊन आल्या. डॉक्टर तरुण होते आणि चांगले होते. ते म्हणाले, कुत्री बोरिवलीला येत नसतील तर मी चारकोपला येतो. होळीच्या दिवशी सकाळी ते स्कूटरवरून आले. खांद्याला थर्मास, त्यात बर्फ, बर्फात लस. "मोजकीच आहे बाई," ते म्हणाले. "नवीन माल यायला महिना जाईल. वाया घालवायची नाही."

स्कूटर थांबली, अनोळखी माणूस उतरला, त्याच्या अंगाला शंभर जनावरांचा आणि औषधांचा वास. पाच मिनिटांत चौकात एक कुत्रं राहिलं नाही. सगळी सिस्टरांच्या घरामागच्या मोकळ्या जागेत जाऊन उभी. डॉक्टर तिकडे गेले की ती इकडे, डॉक्टर इकडे आले की ती तिकडे. नंदू एका बाजूने गोणपाट घेऊन धावला आणि स्वतःच गटारात पडला.

"वाट लागली यार," तो म्हणाला.

डॉक्टर घाम पुसत पायरीवर बसले. सिस्टर त्यांच्यासाठी पाणी घेऊन बाहेर आल्या आणि त्याबरोबर ही सगळी मंडळी चारी दिशांनी येऊन त्यांच्या पायांत घुटमळायला लागली. डॉक्टर बघत राहिले.

"बाई," ते म्हणाले, "तुम्हीच टोचा. तुमचा हात सुईवर बसलेला आहे. मी शेजारी उभा राहतो, सिरिंज भरून देतो. मानेमागची कातडी चिमटीत धरायची आणि तिच्याखाली सोडायचं, बस."

सिस्टरांनी पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला. मग विचारलं, "नंतर येतील का ती माझ्याकडे?"

डॉक्टर खोटं बोलू शकले असते. पण ते म्हणाले, "दवाखान्यात टोचलं की कुत्रं दवाखान्यावर राग धरतं. माझ्या गल्लीत शिरायला तयार नसतात, मालक ओढत आणतात. घरी टोचलं तर ते जागा लक्षात ठेवतं, माणूस लक्षात ठेवतं. काही येतील. काही नाही येणार."

खारी त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकून बसली होती.

"सुई त्यांच्या दृष्टीने काय, एक चिमटा," मी उगाच म्हणाले. "कुत्र्याला काय कळतंय?"

"कुत्र्यांका सगळा कळता," सीतारामभाऊ आतून म्हणाले. मग ते बाहेर आले. त्यांच्या हातात सुती नाडीचे तुकडे होते. "मी मुसकी बांधतंय. माजी गाठ सुटाची नाय. तू टोच. गाडी इली तर कायच उराचा नाय."

सिस्टरांनी पदर खोचला. "माझ्या माणसांच्या डब्यात हे नको," त्या म्हणाल्या, आणि तसाच दुसरा स्टीलचा डबा काढून त्याला लाल दोरा बांधला. डॉक्टरांची सिरिंज त्यात उकळली. प्रसूतिगृहात त्यांची एक पद्धत होती: एकीला टोचताना दुसरीला दिसू द्यायचं नाही, पडदा ओढायचा. तीच त्यांनी इथे वापरली. एकेकाला नावाने हाक मारायची, बिस्किटाचा तुकडा दाखवत घरामागच्या मोरीशी न्यायचं, आणि चौकातल्यांना काही कळायच्या आत सीतारामभाऊंनी मुसकी बांधायची. गिरणीत तुटलेला धागा जोडणाऱ्या बोटांनी ते ती गाठ मारत. मग सुई, मग एक बारीक कुई, मग मुसकी सोडायची. डॉक्टरांनी खूण करायला सांगितलं होतं, म्हणजे त्याच कुत्र्याला दोनदा टोचलं जाणार नाही. सिस्टरांकडे जखमेवर लावायचं जांभळं औषध होतं. त्याचा एक ठिपका कपाळावर.

बटर पहिला. मुसकी सुटली तेव्हा त्याने सिस्टरांकडे पाहिलं. बिस्किट घेतलं नाही. मागच्या गल्लीने निघून गेला. मग टोस्ट, मग जिरा. सिस्टर प्रत्येकाला तितक्याच गोड आवाजात हाक मारत होत्या. तो आवाज ऐकून प्रत्येक जण शेपटी हलवत येत होतं. मी दाराशी उभी होते आणि मला ते बघवेना, म्हणून मी चहा करायला गेले.

निम्म्याच्या वर झाली असतील, तेवढ्यात गोरेगावच्या एका तबेल्यातून डॉक्टरांना बोलावणं आलं. म्हैस अडली होती. उद्या धुळवड, परवा सकाळी येतो म्हणाले. बर्फ वितळत आला होता. लस ठेवायची कुठे, तर फ्रिज एकच. सिस्टर सरळ भाऊरावांच्या दारात गेल्या.

"माझ्या फ्रिजमध्ये कुत्र्याचं औषध?" भाऊराव म्हणाले.

"तुमच्या सांगण्यावरूनच चाललंय ना सगळं? मग ठेवा."

भाऊरावांनी कोलंबीचं पातेलं सरकवून जागा केली. बायकोला ताकीद दिली की दोन दिवस फ्रिजला कोणी हात लावायचा नाही, आणि स्वतः मात्र दर तासाने दार उघडून बाटल्या आहेत ना ते बघत राहिले.

संध्याकाळी मी विचारलं, "खारीचं झालं?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "ती काय, घरचीच आहे. परवा होईल."

त्या रात्री चौकात होळी पेटली. सकाळी धुळवड झाली. आणि आम्ही एवढी शहाणी माणसं, आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की चारकोपची पोरं धुळवडीला कुत्र्यांना सोडत नाहीत. दुपारी बघतो तर टोस्ट हिरवा, जिरा गुलाबी, नानकटाई अर्धी सोनेरी अर्धी निळी. जांभळे ठिपके होते, भरपूर होते. कपाळावर, पोटावर, शेपटीवर. कोणाचा ठिपका औषधाचा आणि कोणाचा नंदूच्या पिचकारीचा, देव जाणे. नुसत्या रंगावरून तर अंगभर जांभळा झालेला भाऊरावांचा नातूही टोचलेल्यांत धरावा लागला असता.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. भाऊरावही आले होते, बोलल्याप्रमाणे.

"आता कसं ओळखणार?" डॉक्टर म्हणाले. "सगळ्यांना परत टोचायला लस नाही माझ्याकडे. अंदाजाने टोचलं तर एखादं राहून जाईल."

"कोणतं कुठलं ते सिस्टरांना तरी आठवतं का?" भाऊरावांनी विचारलं.

"बटर, टोस्ट आठवतात," सिस्टर म्हणाल्या. "पण नानकटाईच्या पिल्लांची जी गँग आहे, ती सगळी सारखीच. त्यात आता हे रंग."

"मग प्रश्नच मिटला. माझी अट काय होती?"

सिस्टर म्हणाल्या, "ओळखता येईल. तीच सांगतील."

त्या चौकाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. पिशवीतून चुरा काढला. आम्हा सगळ्यांना त्यांनी पायऱ्यांवर बसायला सांगितलं. मग त्यांनी रोजच्यासारखी हाक मारली, "या रे माझ्या राजांनो. या, या."

कुत्री कोपऱ्याकोपऱ्यांतून उठली. काही धावत आली, रंगीबेरंगी, जिभा बाहेर काढून, एकमेकांना ढकलत. आणि काही उठली ती तशीच उभी राहिली. टोस्टने दोन पावलं पुढे टाकली आणि मग शेपटी पायांत घालून तो भिंतीआड गेला. जिराने तोंड फिरवलं. बटर, जो बोरिवलीहून पायी धावत त्यांच्या पायरीवर आला होता, तो कंपाउंडखालून सरपटत पलीकडच्या प्लॉटमध्ये निघून गेला.

"जी पळाली ती झालेली," सिस्टर म्हणाल्या. "ही माझ्याजवळ आलेली राहिलीत."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. पण भाऊरावांनी खाली बघितलं. डॉक्टर थर्मासचं झाकण उघडत होते, ते काही त्यांच्याकडून लवकर उघडेना. मला रडू आलं, मी डोळे पुसले नाहीत.

मग परत तेच. एकेकाला नावाने हाक, घरामागे मोरीशी, मुसकी, सुई. जवळ आलेल्यांना एकेक करून दूर पाठवायचं काम सिस्टर नीट, न घाई करता करत होत्या. शेवटी खारी राहिली. ती चौकात बसून आपली पाळी कधी येते याची वाट बघत होती. तिला वाटत असेल, आतमध्ये काहीतरी चांगलं वाटप चाललंय.

डॉक्टर म्हणाले, "बाई, हिला मी टोचतो. तुम्ही नुसतं धरा. तुमच्या हाताने नको."

मलाही ते पटलं. सीतारामभाऊंनाही पटलं असावं. ते म्हणाले, "ऐक गो तेंचा."

सिस्टरांनी मान हलवली. "मी धरायचं आणि दुसऱ्याने टोचायचं, म्हणजे मी तिला धरून दिली असं होईल. त्यापेक्षा मीच टोचते. निदान सरळ तरी."

खारीला मुसकी लागली नाही. सिस्टर मोरीच्या कट्ट्यावर बसल्या, खारीने सवयीने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. सिस्टरांनी तिच्या मानेमागे चिमटी धरली. सुई गेली, निघाली. खारी ओरडली नाही. तिने डोकं उचललं, सिस्टरांच्या हातातल्या सिरिंजचा वास घेतला, मग त्यांच्या हाताचा वास घेतला. मग ती उठून लंगडत चालू लागली आणि चौक ओलांडून रस्त्याच्या पलीकडे जाऊन बसली.

"झाली सगळी," सिस्टर भाऊरावांना म्हणाल्या.

"झाली," भाऊराव म्हणाले. मग जरा घुटमळून, "फ्रिज लागला तर सांगत जा."

सीतारामभाऊंनी त्या नाड्यांचेच पट्टे विणले, लाल, आणि जमेल तसे महिनाभरात सगळ्यांच्या गळ्यात घातले. त्यांना कुत्री जवळ येऊ देत होती. गाठ मारणाऱ्याला त्यांनी माफ केलं होतं. गाडी पुढे एकदा आली, दुसऱ्या सेक्टरसाठी. आमच्या चौकाच्या तोंडाशी थांबली, तेव्हा भाऊराव लुंगीवरच बाहेर आले आणि म्हणाले, "इथली टोचलेली आहेत. पुढे जा." गाडी पुढे गेली.

प्लॉटमध्ये एक वेगळीच अफवा उठली होती की सिस्टर कुत्र्याचीच सुई माणसांना वापरतात. महिनाभर कोणी इंजेक्शनला बोलावलं नाही. पोरांची चंगळ झाली. सिस्टर लाल दोऱ्याचा डबा दारात आणून लोकांना दाखवायच्या, "हा त्यांचा, हा तुमचा." हळूहळू माणसं परत आली. माणसांना गरज असते.

कुत्र्यांचं तसं नव्हतं. सिस्टर बसमधून उतरायच्या तेव्हा स्टॉपवर कोणी नसायचं. त्या पिशवीतला चुरा चौकात ठेवायच्या आणि घरात जाऊन दार लोटून घ्यायच्या. मग कुत्री यायची. दाराच्या फटीतून त्या बघायच्या, हे मला माझ्या खिडकीतून दिसायचं. एकदोघं आठवडाभरात निवळली. बटर कधीच निवळला नाही.

खारीचं विचित्र होतं. सकाळी सिस्टर ड्युटीला निघाल्या की ती निघायची. पण रस्त्याच्या पलीकडून. सिस्टर या कडेने, खारी त्या कडेने, मध्ये अख्खा रस्ता. सिस्टर थांबल्या की ती थांबायची. त्यांनी तिच्याकडे बघितलं की ती मागे फिरायची. म्हणून सिस्टरांनी बघणं सोडलं. समोर नजर ठेवून चालायच्या. मी एकदा रात्रपाळीहून येताना त्यांना स्टॉपवर भेटले, तर मला हळूच म्हणाल्या, "मागे आहे का गं?"

"आहे."

"बरं," म्हणाल्या, आणि बसमध्ये चढल्या.

दिवाळीनंतर खारीने रस्ता ओलांडला. ती सिस्टरांच्या मागे दहाबारा हातांवरून चालू लागली. संक्रांतीच्या सुमारास ते अंतर पाचसहा हातांवर आलं. मी रोज बघत होते. माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हासुद्धा मी इतकी गुंतले नव्हते. आणि फाल्गुन लागल्यावर एका संध्याकाळी सिस्टर पायरीवर तांदूळ निवडत बसल्या असताना खारी आली, उभी राहिली, आणि त्यांच्या तळहातावरचा तुकडा तिने ओठांनी उचलून घेतला. सिस्टरांनी हात तसाच धरून ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हात हलू नये म्हणून त्या ते पुसत नव्हत्या.

दुसऱ्याच दिवशी, मी दिवसपाळीला असताना, माझ्या एक्स्चेंजमध्ये फोन आला. डॉक्टर चंद्रप्रकाश. "सिस्टरांना निरोप द्याल? लस आली आहे. वर्ष झालं, परत टोचायला हवं. यंदा होळीच्या आधीच उरकू, रंगांची भानगड नको. मी बर्फ घेऊन उद्या सकाळी येतो."

तो निरोप मी संध्याकाळपर्यंत दिला नाही. शेवटी सकाळी डॉक्टर येऊन उभे राहतील या भीतीने गेले. सिस्टर आत स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसल्या होत्या आणि खारी उंबरठ्याच्या आत, वर्षात पहिल्यांदा घरात, त्यांच्या पायाशी झोपली होती. मी निरोप सांगितला. सीतारामभाऊंनी नाड्यांचं बंडल शोधायला सुरुवात केली.

"सिस्टर," मी म्हणाले, "हिचं यंदा राहू दे. एक वर्ष नाही टोचलं तर काय होतंय? बाकीच्यांचं करा. हिचं कोणाला कळणार आहे?"

"रुसेल म्हणून म्हणतेस?"

"परत वर्षभर रस्त्याच्या पलीकडून चालेल."

"चालू दे," सिस्टर म्हणाल्या. "रुसायला असली म्हणजे झालं."

त्यांनी बसल्या जागेवरून हात लांब करून फळीवरचा लाल दोऱ्याचा डबा काढला. आत नवी सिरिंज होती, ती नीट आडवी ठेवली, पाणी घातलं, आणि डबा वातींच्या स्टोव्हवर चढवला. सकाळच्या कामाची तयारी रात्रीच करून ठेवायची, ही त्यांची जुनी सवय. थोड्या वेळाने पाण्याला उकळी फुटली. काच डब्याला लागून किणकिण वाजू लागली. खारीने झोपेतच कान हलवला आणि डोकं जरा सरकवून सिस्टरांच्या पावलावर ठेवलं.

स्टोव्ह हाताच्या अंतरावर होता. पण वातींची चावी पलीकडच्या बाजूला होती, तिथवर वाकायला पाय काढावा लागला असता.

"रत्नप्रभा," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "तेवढा स्टोव्ह बारीक कर गं."